गोधडीवर लिहिलेली गोष्ट
(महिला व विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्यापैकी बहुतेकांचे बालपण आईच्या नाहीतर आजीच्या हातच्या गोधडीत गेले. जुनी लुगडी, विरलेली धोतरे एकावर एक अंथरायची आणि धावदोरा घालीत बसायचे. माझ्या आईने अशा कितीतरी गोधड्या शिवल्या, पण एकीवरही तिचे नाव नाही. आज मी ज्या बाईंविषयी बोलणार आहे, त्यांनी गोधडीवर आख्खी गोष्टच लिहिली.

फेथ रिंगगोल्ड या कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकर्तीचा जन्म १९३० साली न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत झाला. त्यांची खापरपणजी गुलामगिरीत होती आणि मळेवाल्या मालकांसाठी गोधड्या शिवीत असे. आई विली पोसी कपड्यांची रचनाकार होती. फेथबाई मात्र रंग घेऊन कॅनव्हासकडे वळल्या. तेव्हाच्या मोठ्या प्रदर्शनांत स्त्रिया अगदी थोड्या असत, काळ्या स्त्रिया तर जवळजवळ नसतच. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयापुढे त्यांनी इतर स्त्रियांबरोबर निदर्शने केली. मागणी होती, प्रदर्शनातील निम्म्या जागा स्त्रियांना द्या.

१९७२ साली ॲमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात त्यांनी तिबेटी थंका पाहिल्या. बुद्ध-बोधिसत्त्वांची ही चित्रे कापडावर काढलेली, भोवती रेशमी किनार शिवलेली. लडाख-सिक्कीमच्या विहारांत गेलेल्यांनी त्या पाहिल्या असतील. फेथबाईंनी ही पद्धत उचलली आणि गुलाम स्त्रियांवरील अत्याचारांच्या चित्रमालिकेला आईकडून कापडी चौकटी शिवून घेतल्या. यात एक व्यवहारही होता. लाकडी चौकटीची मोठी चित्रे हलवायला चार माणसे लागतात, कापडाची गुंडाळी एकटी बाई काखेत मारून नेते.

१९८० मध्ये मायलेकींनी मिळून पहिली गोधडी केली. तिच्यावर हार्लेमचे तीस चेहरे आहेत. पुढच्याच वर्षी आई वारली. याच काळात त्यांचे आत्मचरित्र छापायला प्रकाशक तयार होईनात, तेव्हा त्या गोष्टी गोधडीवरच लिहू लागल्या. पहिली १९८३ ची, जेमिमा मावशीची. पिठाच्या पाकिटावरची ही हसतमुख काळी मोलकरीण त्यांनी हॉटेलची मालकीण करून टाकली. मला स्वतःला ही फिरवाफिरव फार आवडते.

सर्वांत गाजली ती १९८८ ची ‘टार बीच’. उन्हाळ्याच्या रात्री गच्चीवर पडलेली कॅसी नावाची मुलगी उडते आणि खालचा पूल आपला म्हणून सांगते. तिचा बाप तिथल्या बांधकामांवर राबणारा, पण वर्णामुळे कामगार संघटनेत त्याला जागा नाही. म्हणून ती संघटनेच्या इमारतीवरून उडते, ती बापाला मिळवून देण्यासाठी. ही गोधडी आज गुगेनहाइम संग्रहालयात आहे. फेथबाई २०२४ मध्ये वारल्या.

‘टार बीच’ १९९१ मध्ये मुलांचे पुस्तक म्हणूनही निघाले. इंग्रजी सोपे आहे, सातवी-आठवीच्या मुलांना झेपेल. आपल्या वाचनालयाने त्याच्या दोन प्रती मागवाव्यात, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे.