भिंग, लोलक आणि माणचे ऊन



मी सॉफ्टवेअरमधली, पण पदवी इंजिनिअरिंगची म्हणून गटावर सोलरचे प्रश्न माझ्याकडेच येतात. माण तालुक्यातल्या आपल्या एका मित्राने विचारले, "सत्तेचाळीस टक्क्यांचे पॅनेल निघालेय म्हणे. छतावर आत्ताच बसवू की थांबू?" आठवीत प्रयोगशाळेतला लोलक माझ्या हातून फुटला आणि छड्या त्याने खाल्ल्या. सर, हे आज पहिल्यांदा सांगतेय. त्यामुळे त्याला नीट उत्तर देणे भाग आहे.

सरांनी मैदानावर भिंगाने कागद पेटवला होता आणि खिडक्या लावून लोलकातून सात रंग पाडले होते. सत्तेचाळीस टक्के म्हणजे हेच दोन प्रयोग एकत्र. सिलिकॉनला सगळे रंग सारखे पचत नाहीत. निळ्या प्रकाशातली जास्तीची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, तर लांबचा अवरक्त प्रकाश आरपार निघून जातो. म्हणून वेगवेगळ्या पदार्थांचे थर एकावर एक रचतात. ज्याने त्याने आपापले रंग घ्यायचे. हे थर फार महाग, तेव्हा सेल अगदी लहान ठेवून त्यावर भिंगाने ऊन एकवटायचे. २०२० मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने सहा थर आणि १४३ पट ऊन वापरून ४७.१ टक्के गाठले. त्याआधी २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने एकवटलेल्या उन्हातले काही रंग गाळणीने वेगळे काढून दुसऱ्या सेलवर पाडले आणि ४० टक्के ओलांडले.

पण सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो. सांगलीला कॉलेजात शेवटच्या वर्षी आम्ही आरशाचे तुकडे चिकटवून छत्री केली होती. चहा ठेवला, गप्पांत रमलो आणि उन्हाचा ठिपका पातेले सोडून माझ्या ओढणीवर! ती ओढणी आईने पुढे कितीतरी वर्षे ओटा पुसायला वापरली. शिर्डीच्या प्रसादालयासाठी ७३ तबकड्या वाफ करतात, पण त्यांना सूर्याबरोबर फिरवत ठेवावे लागते. शिवाय ढग आले की भिंग आणि आरसा दोन्ही निकामी. विखुरलेला उजेड त्यांना एकवटता येत नाही. साधे पॅनेल आषाढातही थोडेफार देत राहते. पाटणची मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम झाली, तीही घरांवरच्या साध्या पॅनेलवरच.

तेव्हा मित्रा, थांबू नकोस. वीस-बावीस टक्क्यांचेच बसव, दक्षिणेकडे तोंड करून. आणि तुमच्याकडची धूळ मला माहीत आहे. दर आठवड्याला सकाळी लवकर, काच तापायच्या आत, पाण्याने धू.