तपापासून कल्पापर्यंत

खूप दिवसांनी कुणी भेटलं की आपण सहज म्हणतो, ‘एक तप लोटलं!’ तप म्हणजे 12 वर्षं. जुन्या दानपत्रांत राजे जमिनी द्यायचे त्या ‘आचंद्रार्क’, म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत. पुराणांतला कल्प तर 432 कोटी वर्षांचा, ब्रह्मदेवाचा एक दिवस. मराठी भूशास्त्रानं हाच शब्द उचलला, माप मात्र बदललं. उमरेडच्या खाणीतला, बोटं काळी करणारा दगडी कोळसा पर्मियन कल्पातला, 25 कोटी वर्षांहून जुना. दलदलीत गाडल्या गेलेल्या ग्लॉसोप्टेरिससारख्या वनस्पतींपासून तो तयार झाला. अभिमानाची गोष्ट ही, की अशा थरांना गोंडवाना म्हणतात, ते मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून.