पेशा बदलणाऱ्याची मुलाखत

मागच्या पिढीत नोकरी ही बहुधा एकदाच धरावयाची गोष्ट होती. विशीत कचेरीची पायरी चढलेला मनुष्य अठ्ठावन्नाव्या वर्षी हार-नारळ घेऊन तीच पायरी उतरत असे, आणि मधल्या काळात त्याला 'आपण दुसरे काही करावे काय?' हा प्रश्न कोणी विचारीत नसे. आज तो प्रश्न पुष्कळ घरांतून ऐकू येतो. आणि नवल असे की, तो विशीतल्या मुलांइतकाच चाळिशीकडे झुकलेल्या संसारी माणसांसही पडतो.

पेशा बदलणे ही मुळात काही नवी चाल नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. ते सोडून त्यांनी बेळगावास सायकलींचे दुकान थाटले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. विष्णु नारायण भातखंडे वकील होते. पुढे त्यांनी आयुष्य संगीतशास्त्रास वाहिले, आणि १९२६ साली लखनौस निघालेल्या संगीत महाविद्यालयाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. परंतु या थोरांनी आपला नवा मार्ग आपणच आखला. सामान्य गृहस्थास तसे करता येत नाही. त्याला नव्या पेशातही नोकरीच करावयाची असते, आणि त्या दारावर मुलाखत उभी असते. तेथे त्याच्यापुढे अडचण अशी की, त्याच्याजवळ अनुभव आहे, पण तो दुसऱ्याच कामाचा आहे.

उदाहरणासाठी एक शिक्षक घ्यावा. पुण्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत तो गणित व विज्ञान शिकवितो. वय ३८, सेवा १३ वर्षे, पदवी बी. एस्सी., बी. एड. चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात प्रशिक्षण अधिकाऱ्याची जागा निघाली आहे. त्याने अर्ज केला आणि मुलाखतीचे बोलावणे आले. हाती दहा दिवस आहेत. या दहा दिवसांत त्याने काय करावे?

बहुतेक उमेदवार प्रथम इस्त्रीचे कपडे आणि पाठ केलेली उत्तरे यांच्या मागे लागतात. वास्तविक पहिली मुलाखत घरातच व्हावयास पाहिजे. 'आहे ते का सोडावयाचे?' हा प्रश्न निवडमंडळ विचारणारच. तत्पूर्वी तो पत्नीने विचारावा, वडिलांनी विचारावा, आणि त्याचे उत्तर खरे द्यावे. मुख्याध्यापकांशी पटत नाही, एवढेच कारण असेल तर ते पेशा बदलण्याचे कारण नव्हे. शाळा बदलण्याचे फार तर होईल. उलट, वर्गात प्रयोग करून दाखविताना, मुलांच्या हाताला काम देताना ज्याला खरा आनंद होतो, आणि तेच काम मोठ्या मुलांबरोबर दिवसभर करावे असे ज्याला वर्षानुवर्षे वाटत आले आहे, त्याच्या कारणास वजन आहे.

घरातल्या या मुलाखतीत हिशेबही मांडला जावा. अनुदानित शाळेतील कायम शिक्षकास महाराष्ट्रातील १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याचे संरक्षण असते. ते एकदा सोडले की परत मागून मिळत नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांस सामान्यतः जुने निवृत्तिवेतन नाही; तेव्हा खात्यावर जमलेली रक्कम नव्या नोकरीत कशी चालू राहील, हे कार्यालयात विचारून लेखी घ्यावे. नव्या ठिकाणी उपदानाचे, म्हणजे ग्रॅच्युइटीचे, वर्ष पहिल्यापासून मोजले जाईल, आणि कायम नोकरास त्यासाठी साधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा लागते. घरभाडे वा कर्जाचा हप्ता, मुलांची फी, आईवडिलांचे औषधपाणी, आणि पुण्याहून चाकणला रोज जाण्यायेण्याचा वेळ व खर्च हे सर्व कागदावर उतरावे. निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूस नसेल, तर धाडसास थोडे थांबावयास सांगावे. हा हिशेब झालेला मनुष्य मुलाखतीत पगाराचा प्रश्न निघाला म्हणजे गोंधळत नाही. कारण कोणत्या आकड्याखाली आपणास जाता येत नाही, हे त्याला ठाऊक असते.

दुसरी तयारी म्हणजे त्या कामाची ओळख. कारखान्यात प्रशिक्षण अधिकारी कशासाठी ठेवतात? १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेस शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि त्यांचे प्रमाण एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के असावे लागते. ही मुले आय. टी. आय. मधून फिटर, टर्नर, वेल्डर होऊन येतात. त्यांतील कित्येक परप्रांतांतून आलेली असतात, म्हणून शिकविण्यास मराठीबरोबर हिंदीही लागते. आपल्या शिक्षकाने एक दिवस रजा काढून औंधच्या आय. टी. आय. मध्ये जावे, तेथील निदेशकांशी दोन शब्द बोलावे, मुलांना कोठे अडते ते विचारावे. कारखान्यातील एखाद्या ओळखीच्या कामगारास गाठून पाळ्या कशा चालतात तेही समजून घ्यावे. एवढे केले तर पुस्तकी माहितीपेक्षा अधिक काही त्याच्या बोलण्यात आपोआप येईल.

आता मुख्य तयारी. आणि तीच बहुधा राहून जाते. पेशा बदलणारा मनुष्य आपल्या जुन्या कामाची लाज बाळगतो. 'मी तर साधा मास्तर,' असे म्हणून तो तेरा वर्षे एका वाक्यात गुंडाळून टाकतो. किंवा याच्या उलट, 'शिकविण्याचा दांडगा अनुभव आहे,' असे मोघम बोलतो. या दोन्ही गोष्टींनी समोरच्यांस काहीच कळत नाही. त्याने एक कोरा कागद घ्यावा, मध्ये रेघ मारावी. डावीकडे शाळेत प्रत्यक्ष काय केले ते लिहावे, आणि उजवीकडे त्याचा कारखान्यात कोणता उपयोग, ते लिहावे.

शाळेचे वेळापत्रक बसविले, म्हणजे थोड्या माणसांत व थोड्या खोल्यांत सर्वांची कामे अडखळू न देता लावली. पाळ्यांप्रमाणे शिकाऊ मुलांचे वर्ग लावणे हेच काम आहे. दरवर्षी पाठांचे टाचण काढले, म्हणजे कठीण विषयाचे लहान तुकडे पाडण्याची सवय आहे. दहावीच्या परीक्षेचे केंद्र सांभाळले, म्हणजे मोहोरबंद पाकिटे, वेळ आणि नोंदी यांत चूक चालत नाही, हे अंगवळणी पडले आहे. पालकसभेत रागावलेल्या पालकांची समजूत घातली, म्हणजे मुलांविषयी तक्रार घेऊन येणाऱ्या फोरमनशी बोलण्याची तयारी झाली आहे.

याहूनही बारीक उदाहरण पाहिजे. शाळेच्या प्रयोगशाळेतील व्हर्नियर कॅलिपर बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजतो, कारखान्यात ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजणारा सर्रास वापरतात. ज्या मुलास दशांश अपूर्णांक नीट समजलेले नाहीत, तो माप चुकीचे वाचतो आणि घडविलेला भाग भंगारात जातो. नववीच्या कच्च्या मुलांना दशांश चिन्ह शिकविण्यासाठी ज्याने दोनतीन निरनिराळ्या युक्त्या योजल्या, त्याने ती हकीकत सांगावी: मुले किती होती, काय केले, किती सुधारली, आणि जी सुधारली नाहीत त्यांच्या बाबतीत काय कमी पडले. हा शेवटचा भाग गाळू नये. अपयशाचे कारण शांतपणे सांगणाऱ्यावर ऐकणाऱ्याचा विश्वास अधिक बसतो.

या पद्धतीस शास्त्राचाही आधार आहे. फ्रँक श्मिट व जॉन हंटर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली कर्मचारी-निवडीवरील ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. सर्व उमेदवारांस ठरावीक प्रश्न विचारून घेतलेली मुलाखत ही ऐसपैस गप्पांच्या मुलाखतीपेक्षा पुढील कामाचा अधिक चांगला अंदाज देते, असे त्यांना आढळले. २०२२ साली पॉल सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गणिते पुन्हा तपासली, तेव्हाही अशी बांधीव मुलाखत अग्रभागीच राहिली. म्हणूनच आज पुष्कळ ठिकाणी 'अमुक प्रसंग आला तेव्हा काय केलेत?' असे विचारतात. पेशा बदलणाऱ्यास ही रीत अनुकूल आहे. तिच्यात हुद्द्याच्या नावापेक्षा कृतीस महत्त्व मिळते.

कठीण प्रश्न तीन येतील. 'शाळा का सोडता?' येथे शाळेची निंदा एका शब्दानेही करू नये. जो आज जुन्या धन्याविषयी वाईट बोलतो, तो उद्या आपल्याविषयीही बोलेल, हे समोरच्यांस कळते. 'कारखान्याचा अनुभव नाही, त्याचे काय?' येथे 'नाही, हे खरे आहे,' असे सरळ म्हणावे, आणि आजवर काय पाहिले व काय शिकावयास घेतले ते सांगावे. 'आपल्याहून दहा वर्षांनी लहान माणसाच्या हाताखाली काम कराल काय?' याचे उत्तर मात्र तोंडाने देण्यापूर्वी मनाशी द्यावयाचे आहे. वर्गात ज्याचा शब्द तेरा वर्षे अखेरचा होता, त्यास हे वाटते तितके सोपे नाही.

उत्तरे घरी मोठ्याने बोलून पाहावीत, आणि ऐकणाऱ्याने घड्याळ लावून बसावे. शिक्षकाची एक खोड अशी की, तो समजलेले पुन्हा समजावून सांगतो. मुलाखतीत दोन मिनिटांत उत्तर संपावे. अधिक हवे असेल तर मंडळ विचारील. मुलाखत दूरदृश्य यंत्रणेवरून असेल, तर आदल्या दिवशी आवाज व प्रकाश तपासून घ्यावा. ठरलेल्या वेळी दाराची घंटा वाजणार नाही, एवढे घरच्यांनी पाहावे.

शेवटी 'आपणास काही विचारावयाचे आहे काय?' असे म्हटल्यावर नुसती मान हलवून उठू नये. परीक्षाधीन काळ किती, शिकाऊ मुलांपैकी पुढे कितीजणांस कामावर ठेवतात, प्रशिक्षणासाठी यंत्रे राखून ठेवली आहेत की उत्पादनाची घाई झाली म्हणजे ती काढून घेतात, हे विचारावे. ही त्या कारखान्याची मुलाखत होय. उत्तरे टाळाटाळीची आली तर तीही ध्यानात घ्यावीत. निवड झाल्यावर नकार देण्याचा अधिकार उमेदवारास असतो, आणि कधीकधी तोच तयारीचा खरा लाभ ठरतो.

'केव्हा रुजू व्हाल?' हा प्रश्न साधा दिसतो, पण त्यात मनुष्याची पारख होते. कायम शिक्षकास राजीनाम्यापूर्वी तीन महिन्यांची सूचना द्यावी लागते. आणि दहावीचा वर्ग हाती असेल तर कायद्याहून मोठे बंधन त्या मुलांचे असते. 'परीक्षा संपेपर्यंत मला मुलांना सोडता येणार नाही,' असे सांगितल्याने जागा हुकेल, अशी भीती वाटते. कदाचित हुकेलही. पण ज्या मंडळास शिकाऊ मुले सोपवावयास विश्वासाचा मनुष्य पाहिजे आहे, त्याला या उत्तराचे मोल कळल्यावाचून राहणार नाही. नियुक्तिपत्र हाती आल्यावरच राजीनामा लिहावा. कायद्याप्रमाणे त्याच्या दोन प्रती काढून दोन्हींवर सही व तारीख घालावी, एक नोंदणीकृत टपालाने संस्थेकडे पाठवावी व दुसरी जवळ ठेवावी. आणि शेवटच्या दिवसापर्यंत वर्गात वेळेवर जावे.