खेळण्याची मोटार कोणी केली?

(सोनिवली येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



शाळेच्या साहित्य-नोंदवहीत खेळण्यांचा खर्च इतका किरकोळ असतो की त्याकडे कोणी फारसे पाहत नाही. मीही पाहत नसे. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या तपासणीत मी रंगीत मोटारींच्या खरेदीवर सही केली व बाहेर आलो. पाहतो तो पहिलीतील एका मुलीचा धाकटा भाऊ त्यांतलीच एक मोटार चोखीत बसला होता. चाक निखळले होते आणि ओठांना तांबडा रंग लागला होता. मूल सुखरूप राहिले. परंतु ती मोटार कोणी केली, हे दुकानदारास ठाऊक नव्हते, वर्गाच्या बाईंना नव्हते आणि सही करणाऱ्या मलाही नव्हते.

मॅटेल ही अमेरिकेतील बलाढ्य खेळणी कंपनी. ऑगस्ट २००७ मध्ये तिला ‘सार्ज’ नावाच्या मोटारी परत बोलवाव्या लागल्या, कारण रंगात शिसे निघाले. मोटारींचे काम तिने चीनमधील एका कारखान्यास दिले होते. त्याने रंगकाम दुसऱ्याकडे सोपविले आणि त्या दुसऱ्याने ठरवून दिलेला रंग सोडून बाहेरचा वापरला. काम हातोहात पुढे गेले. जबाबदारी मात्र वाटेत सांडत गेली. शिसे पोटात गेले की वाढत्या मेंदूस अपाय होतो व ती हानी भरून येत नाही. अशा मुलास आपण ‘मंद’ म्हणून मागल्या बाकावर बसवितो.

सारा दोष चिनी कारागिराच्या माथी मारणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. त्याच वर्षी त्याच कंपनीने लोहचुंबक असलेली लक्षावधी खेळणी परत घेतली. सुटलेले दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याची भिंत मध्ये धरून एकमेकांस चिकटतात व तेथे भोक पडते. हा दोष आराखड्याचा होता, आणि आराखडा कंपनीचा होता. सप्टेंबरमध्ये तिने बीजिंगला तसे कबूलही केले.

आपल्या सरकारने जानेवारी २००९ मध्ये चिनी खेळण्यांची आयात बंद केली व मार्चमध्ये ती बंदी अटींवर शिथिल केली. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे झाले. माल परदेशी असला तरी तेथील कारखान्यास भारतीय मानक ब्यूरोचा परवाना लागतो. नोंदणीकृत हस्तकारागिरांना सूट आहे. म्हणून सावंतवाडीच्या लाकडी फळांवर चिन्ह न दिसल्यास बिचकू नये. रंग कोणता, एवढे मात्र विचारावे.

चिन्हाखाली परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये घातला की कारखान्याचे नाव कळते. तीन वर्षांखालील मुलांसाठी आणखी एक कसोटी आहे. सव्वा इंच रुंद व सुमारे दोन इंच खोल अशी पुठ्ठ्याची नळी करा. जो सुटा तुकडा न दाबता तिच्यात पुरता मावेल, तो बालकाच्या घशात अडकू शकतो. आमच्या वर्गात एवढी लहान मुले नाहीत, असे कृपा करून म्हणू नका. भावंडे कडेवर घेऊन येणाऱ्या मुली आपण सर्वांनी पाहिल्या आहेत.

नोंदवहीत किमतीच्या शेजारी परवाना क्रमांकाचा एक रकाना आखून घ्यावा. बदलापूरच्या बाजारात क्रमांक विचारलात तर एखादा दुकानदार हसेल, हसू द्यावे. पुढील भेटीत सही करण्यापूर्वी मी प्रथम तोच रकाना पाहणार आहे.