आनंदीबाईंची मावशी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी डॉक्टरीणबाईंना बोलावले म्हणजे त्या रक्तदाब, मधुमेह आणि गुडघेदुखी यांवर बोलणार, अशी आपली अटकळ असेल. ते बोलणे माझ्या दवाखान्यात रोजच चालते. आज थोडा निराळा विषय घेते. डॉक्टर व्हायला बुद्धी लागते आणि पैसा लागतो, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या जोडीला तिसरी एक गोष्ट लागते आणि ती पुष्कळदा आपल्या हातची असते. ती म्हणजे पाठीशी उभे राहणारे वडीलधारे माणूस.

डोंबिवलीहून गाडीत बसले की ठाकुर्लीनंतर कल्याण. त्या कल्याणात 31 मार्च 1865 रोजी यमुना जोशी नावाची मुलगी जन्मली. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि ती आनंदीबाई झाली. यजमान गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला, तो दहाच दिवस जगला. बायकांना बाईमाणसाकडून औषधोपचार मिळाले पाहिजेत, ही तळमळ तिच्या मनात तेव्हापासून रुजली. पुढे 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ती डॉक्टर होऊन बाहेर पडली. त्या वेळी तिला एकविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

इथवर आपण शाळेत वाचलेले असते. शिकण्याचा ध्यास गोपाळरावांनी लावला, हेही आपण ऐकतो आणि ते खरे आहे. पण ती शिकवण मायेची नव्हती. लहान वयात मारही बसे, हे खुद्द आनंदीबाईंनी अमेरिकेहून नवऱ्यास लिहिलेल्या पत्रात आहे. पुढे ढकलणारे माणूस निराळे आणि हात धरून नेणारे निराळे. आनंदीबाईंचा हात धरला तो एका परक्या बाईने.

1880 साली गोपाळरावांनी एका अमेरिकन पादऱ्यास पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी साह्य मागितले. धर्मांतराची गोष्ट निघाली, ती या जोडप्यास मान्य नव्हती. ते पत्र मात्र मिशनच्या मासिकात छापून आले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती थिओडिशिया कार्पेंटर दंतवैद्याकडे आपला नंबर येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे पडलेला तो अंक त्यांनी सहज उचलला, पत्र वाचले आणि घरी येऊन या अनोळखी मुलीला लिहायला बसल्या. पत्रांची ये-जा सुरू झाली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. प्रकृती बरी नसे तेव्हा मावशीने अमेरिकेहून औषधे धाडली. 1883 च्या एप्रिलात आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कच्या बंदरावर उतरल्या, तेव्हा त्यांना उतरवून घ्यायला मावशी उभ्या होत्या. पहिला मुक्काम त्यांच्याच घरी झाला.

भगिनींनो, या कार्पेंटरबाई डॉक्टर नव्हत्या. त्या तुमच्यासारख्याच एक संसारी गृहिणी होत्या. शरीरशास्त्रातले एक अक्षरही त्यांनी आनंदीबाईंना शिकवले नाही. ते काम महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली आणि तिथले अध्यापक यांनी केले. पण परक्या देशात नऊवारी नेसून आलेल्या अठरा वर्षांच्या मुलीला 'ही माझी' म्हणणारे घर नसते, तर ती कॉलेजच्या पायरीपर्यंत कशी पोचली असती?

दुर्दैवाने क्षयाने तिला गाठले. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची नेमणूक मिळाली होती, ती हाती घेण्याआधीच 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात तिचे निधन झाले. तिची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठविली आणि त्यांनी ती आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. आपली कल्याणची लेक तिकडे मावशीच्या माणसांत विसावली आहे.

दुसरे उदाहरण मुंबईचे, डॉ. रखमाबाईंचे. नकळत्या वयात लावलेले लग्न नाकारून त्या कोर्टात उभ्या राहिल्या, हे आपणांस माहीत आहेच. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे नावाजलेले डॉक्टर. तेव्हा वैद्यकाचे वारे घरातच होते. पण 1885 साली ते वारले. पुढचा आधार कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांनी दिला. विलायतेत शिकण्यास उत्तेजन दिले, पैसे उभे करण्यास मदत केली. या पीचीबाईंची कथा ध्यानात ठेवण्याजोगी आहे. 1870 साली एडिंबरा येथे रसायनशास्त्रात उत्तम गुण मिळवूनही, केवळ बाई म्हणून त्यांची शिष्यवृत्ती डावलली गेली होती. स्वतःवर जे दार लोटले गेले, तेच त्यांनी दुसरीसाठी उघडून धरले. रखमाबाई 1894 साली एम. डी. झाल्या, सुरतेस आणि नंतर राजकोटास त्यांनी अनेक वर्षे बायकांची सेवा केली आणि 1955 साली नव्वदी गाठून त्या गेल्या. एका बाईने दिलेल्या हाताचे फळ किती बायकांच्या पदरात पडले, याची मोजदाद कोण करणार?

आता थोडे माझ्याविषयी. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी डॉक्टर नव्हते. प्रसूतिविभागात काम शिकताना एक वयस्क सिस्टर मला लाभल्या. त्या म्हणत, "बाई, वार पडली म्हणजे बाळंतपण संपले असे समजू नका. हात पोटावर ठेवा. पिशवी नारळासारखी घट्ट लागली पाहिजे. मऊ लागली की रक्त चालले समजा. आणि नाडी मोजा, रक्तदाब उतरायची वाट पाहू नका." पुस्तकात हे सारे होते. पण कुठे दाबायचे, किती दाबायचे आणि घट्ट म्हणजे किती घट्ट, हे माझा हात आपल्या हाताखाली धरून त्यांनी दाखविले. माझ्या दवाखान्यातल्या कित्येक आया आपल्या पायांनी घरी गेल्या, त्यांत त्या सिस्टरांचा वाटा आहे.

आता मुख्य मागणे. आपल्या वस्तीतून मुली डॉक्टरीला जाऊ लागल्या आहेत. कोणी कळव्याला जाते, कोणी शीवला, तर कोणाला दूरच्या जिल्ह्यात जागा मिळते. साडेचार वर्षे अभ्यास आणि त्यावर एक वर्ष रुग्णालयात काम. गेल्या साली अशीच एक हुशार मुलगी पहिल्या सहामाहीतच परतली. शवविच्छेदनानंतर अन्न जाईना, पहिल्या चाचणीत नापास झाली आणि आपण या कामाच्या नाहीच, असे तिने मनाशी धरले. पहिली चाचणी पुष्कळांची जाते, जेवण पुष्कळांना जात नाही आणि दोन महिन्यांत सारे सुरळीत होते, एवढे सांगणारे कोणी तिच्या घरी नव्हते. आईबापांचा काय दोष? त्यांनी ती वाट कधी पाहिलेलीच नाही. सुदैवाने तिची जागा अजून गेलेली नाही. ती परत जाईल की नाही, हे पुढच्या काही आठवड्यांत ठरायचे आहे.

तिच्याशी मी बोलेन. आपल्या भागातील दुसऱ्या डॉक्टर भगिनीही बोलतील, तशी त्यांनी मला कबुली दिली आहे. पण उरलेले काम कार्पेंटरबाईंचे आहे आणि त्याला पदवी लागत नाही. ज्यांची मुले परगावी आहेत आणि घरात एक खोली रिकामी आहे, त्यांनी ती परीक्षेच्या दिवसांत अशा मुलीला वाचायला द्यावी. दोन खोल्यांत पाच माणसे असली म्हणजे रात्रीचा अभ्यास कसा होतो, हे आपण जाणता. ज्यांचे नातलग नागपूर, मिरज, औरंगाबाद म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी आहेत, त्यांनी तिकडे जाणाऱ्या मुलीला स्थानकावर उतरवून घ्यायला कोणी जाईल, असे पाहावे. आणि आठवड्यातून एकदा फोन करून "जेवलीस का?" एवढे विचारावे. गुण किती मिळाले, हे विचारणारे पुष्कळ असतात.

सरबताच्या टेबलाशी मी एक वही ठेवली आहे. खोली, परगावचे नातलग आणि आठवड्याचा फोन, असे तीन रकाने त्यात आखले आहेत. ज्या भगिनींना जे जमेल त्यापुढे त्यांनी नाव लिहावे.