चेक इंजिनचा दिवा : चौकशीशिवाय शिक्षा नको

(शाखेच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आम्ही नेहमी पगार, पेन्शन, बदल्या आणि चार्जशीट यांवर बोलत असतो. आज मोटारगाडीच्या एका दिव्यावर बोलावयाचे आहे. आपल्यापैकी अनेकांच्या दारात आता गाडी उभी आहे. कोणी सोसायटीचे कर्ज काढून घेतली, कोणी निवृत्तीच्या पैशातून जुनी गाडी घेऊन मुलाला टॅक्सीवर बसविले. अशा घरात गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई बुडते. हप्ता मात्र थांबत नाही. एके दिवशी डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये यंत्र लावतात, "अमुक सेन्सर गेला" असे सांगतात आणि पैसे घेऊन तो बदलतात. महिन्याभरात दिवा पुन्हा हजर! सभासदांकडून आम्ही हे वारंवार ऐकतो, म्हणून हा विषय घेतला.

प्रथम हा दिवा आला कोठून ते पाहू. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरावर धुराचे दाट धुके साचत असे, लोकांचे डोळे चुरचुरत. हागेन-स्मिट नावाच्या शास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास दाखवून दिले की, मोटारींच्या धुरातील न जळालेले इंधन व नायट्रोजनचे वायू यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुके तयार होते. पुढे कॅलिफोर्निया राज्याने कायदे केले. गाडीनेच स्वतःची तपासणी करावी आणि धूर वाढविणारा बिघाड झाला तर चालकाला दिवा दाखवावा, अशी यंत्रणा सक्तीची झाली. तिला ओ.बी.डी. म्हणतात. १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींत ती एकाच नमुन्याची आली. आपल्याकडे भारत स्टेज चारच्या मोटारींत ती २०१० पासून येऊ लागली व २०१३ पासून अधिक कडक झाली. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा लागू आहे. म्हणजे हा दिवा मुळात लोकांच्या फुप्फुसांसाठी आला. तो कंपनीने हौसेने दिलेला नाही, कायद्याने द्यावयास लावला आहे.

आता दिव्यांची ओळख. सर्व दिवे सारखे नसतात. तेलाच्या बुधलीचा लाल दिवा म्हणजे इंजिनात ऑइलचा दाब नाही. गाडी तत्काळ बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. एक किलोमीटरचा मोहसुद्धा इंजिन जाम करू शकतो. थर्मामीटरचा लाल दिवा म्हणजे इंजिन तापले. थांबा, आणि गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नका. उकळते पाणी अंगावर येते. बॅटरीचा लाल दिवा म्हणजे चार्जिंग बंद. बहुधा बेल्ट तुटलेला असतो किंवा अल्टरनेटर बिघडलेला असतो. डिझेल लोकोवर काम केलेल्यांना हे सांगावयास नको. तेथे ऑइलचा दाब उतरला की इंजिन आपोआप बंद पडते. मोटारीत ती जबाबदारी बहुधा चालकावरच असते.

पिवळा चेक इंजिनचा दिवा निराळा. तो स्थिर लागला असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर घाबरू नका. चार-दोन दिवसांत तपासणी करा. तो लुकलुकत असेल, तर मात्र इंजिन जोरात मिसिंग करीत आहे असे समजा. न जळालेले पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे पेटते आणि तो भाग वितळू शकतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात. तेव्हा वेग कमी करा, भार कमी करा आणि शक्य तितक्या लवकर थांबा.

आता मुख्य मुद्दा. स्टीअरिंगच्या खालच्या बाजूला १६ पिनांचे एक सॉकेट असते. त्यात स्कॅनर लावला की कोड येतो. हा कोड म्हणजे काय? बंधूंनो, तो चार्जशीट आहे, निकाल नव्हे! रेल्वेत १९६८ चे शिस्त व अपील नियम आहेत, टपाल खात्यात १९६५ चे सी.सी.ए. नियम आहेत. मोठी शिक्षा द्यावयाची तर आरोपपत्रानंतर चौकशी व्हावी लागते, साक्षीपुरावे व्हावे लागतात. हे तत्त्व आपण झगडून जपतो. मग गाडीच्या बाबतीत नुसते आरोपपत्र वाचून हजारो रुपयांची शिक्षा आपण का सोसावी?

विजेच्या जुन्या धाटणीच्या इंजिनावर काम केलेले लोको पायलट येथे आहेत. एल.एस.डी.जे. दिवा पेटला म्हणजे डी.जे. पडला एवढेच कळते. का पडला, ते शोधावे लागते. त्यासाठी ट्रबल शूटिंग डिरेक्टरी असते. मोटारीचेही तसेच आहे. काही उदाहरणे घेऊ.

कोड पी ०१७१. अर्थ असा की इंजिनात हवा जास्त व पेट्रोल कमी पडते आहे. ही खबर देतो ऑक्सिजन सेन्सर. पुष्कळ ठिकाणी त्या सेन्सरलाच काढून नवा बसवितात. अहो, तो तर साक्षीदार आहे! खरा गुन्हेगार बहुधा चिरलेला रबरी पाइप, सैल क्लिप, मळलेला हवेचा सेन्सर किंवा दमलेला पेट्रोल पंप असतो. पाइप शंभर-दोनशे रुपयांत मिळू शकतो.

कोड पी ०३०१. अर्थ असा की पहिला सिलिंडर मिसिंग करतो. ज्या गाडीत प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉइल आहे, तेथे बिनखर्चाची चौकशी होते. इंजिन बंद करून पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर लावा व दुसऱ्याची पहिल्यावर. गाडी चालवून पुन्हा कोड पाहा. आता पी ०३०२ आला, म्हणजे दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइल दोषी. पी ०३०१ च राहिला, तर कॉइल निर्दोष. प्लग, इंजेक्टर, वायर, शेवटी कॉम्प्रेशन पाहा. पावसाळ्यात ओल शिरल्याने आणि उंदरांनी वायर कुरतडल्यानेही असे होते, म्हणून आधी बोनेट उघडून डोळ्यांनी पाहा.

कोड पी ०४२०. अर्थ असा की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काम नीट करीत नाही. हा सर्वांत महागडा आरोप. तो बदलण्याआधी सायलेन्सरचा सांधा गळतो काय, इंजिन मिसिंग करते काय, ऑइल पिते काय हे पाहिलेच पाहिजे. मूळ रोग तसाच ठेवून नवा बसविला तर तोही मरतो.

स्कॅनर नसला तरी धूर बोलतो, हे शेडमधल्या फिटरांना पाठ आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी; प्रथम एअर फिल्टर पाहा. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटवर संशय घ्या. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसले तर गाडी चालवू नका. भारत स्टेज सहाच्या डिझेल गाडीत काजळी अडविणारा फिल्टर असतो. रोज दोन-तीन किलोमीटरच फिरविली तर तो तुंबतो. त्याचा दिवा लागताच पुस्तिकेप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर काही वेळ एका चालीने चालवावी; पुष्कळदा तेवढ्याने तो स्वतःला साफ करतो.

आता फसवणुकीविषयी. बॅटरीची वायर काढली किंवा स्कॅनरने कोड पुसला की बहुधा दिवा विझतो. ही दुरुस्ती नव्हे. तक्रार करणाऱ्याचे तोंड बंद केल्याने तक्रार मिटत नाही, हे आपल्याला वेगळे सांगावे काय? कोडाबरोबर बिघाडाच्या वेळचे तापमान, वेग व भार यांची नोंदही संगणक ठेवतो. तो पंचनामा आहे. कोड पुसला की तोही जातो. म्हणून आधी सर्व लिहून घ्या किंवा मोबाइलवर फोटो काढा, मगच पुसा.

जुनी गाडी घेताना तर फारच सावध राहा. चावी फिरविल्यावर, इंजिन चालू करण्याआधी चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल, तर कोणीतरी त्याचे तोंड दाबले असण्याची शंका घ्या. तसेच स्कॅनरवर गाडीच्या स्वतपासण्या पूर्ण झाल्या आहेत काय ते पाहा. पुष्कळ अपूर्ण दिसल्या, तर कोड नुकताच पुसलेला असू शकतो. आणखी चालवून पुन्हा तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. निवृत्तीचे पैसे एकदाच मिळतात.

यात रस्त्याकडेच्या मिस्त्रीला चोर ठरविण्याचा आमचा हेतू नाही. तोही आपल्यासारखाच कष्टकरी आहे. नव्या गाड्यांची माहितीपत्रके, स्कॅनर व सुटे भाग त्याच्यापर्यंत पोहोचतच नसतील, तर तो अंदाजानेच काम करणार. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये याच प्रश्नावर १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड सुनावला. सुटे भाग व तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजना खुली मिळत नाहीत, हा त्यातील मोठा ठपका होता. त्यावर पुढे अपिले झाली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. हत्यार आणि ज्ञान कोणाच्या हातात राहणार, हा कामगारांचा जुनाच प्रश्न येथेही आहे.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. गॅरेजमध्ये गेल्यावर चार गोष्टी मागा : कोड लिहून द्या, कोणती तपासणी केली ते सांगा, बदललेला जुना भाग परत द्या, आणि पक्के बिल द्या. शाखेतील सभासदांनी वर्गणी काढून एक साधा स्कॅनर घ्यावा. लोको शेडमधील फिटर, मेल मोटर सर्व्हिसमधील मेकॅनिक अशा जाणत्या साथींनी महिन्यातून एका रविवारी सभासदांच्या गाड्या पाहाव्यात. एकट्या सभासदाला गॅरेजवाला गप्प बसवितो. हातात लेखी नोंद आणि पाठीशी जाणता साथी असला म्हणजे बोलणे बदलते. ही सूचना आम्ही आज शाखेपुढे ठेवीत आहोत.



कामगार एकजुटीचा विजय असो!