पत्ता मॉरिशसचा, धंदा कुठला?

हेडफोन लावलेत ना? आज पैशाचं बोलायचंय. शेअर टिप्स नाहीत, आधीच सांगते. आज एका बेटाची गोष्ट आहे, आणि त्या बेटामुळे माझ्यासमोर सध्या एक निर्णय अडकलाय.

माझी पहिली नोकरी पुण्यातल्या एका छोट्या स्टार्टअपमध्ये होती. एकदा मला गुंतवणूकदारांची यादी सिस्टीममध्ये चढवायला सांगितली. नाव, देश, पत्ता. बघते तर वेगवेगळ्या नावांच्या तीन फंडांचा पत्ता एकच, पोर्ट लुईमधली एकच इमारत. मला वाटलं डेटा डुप्लिकेट झालाय. मी इमानदारीत बग नोंदवला! सीनियर हसला आणि म्हणाला, "अगं, तो बग नाही. मॉरिशस रूट आहे तो."

तर हा रूट काय आहे? 1982 साली भारत आणि मॉरिशस यांच्यात करार झाला, एकाच कमाईवर दोन्हीकडे कर लागू नये म्हणून. त्यात एक कलम असं होतं की मॉरिशसच्या कंपनीने भारतातले शेअर विकून नफा कमावला, तर त्यावर कर लावायचा हक्क मॉरिशसचा. आणि मॉरिशसमध्ये असा भांडवली नफ्यावर करच नाही! म्हणजे इथेही शून्य, तिथेही शून्य. आपली अर्थव्यवस्था 1991 नंतर उघडली आणि मग जगभरचा पैसा या एवढ्याशा बेटाला वळसा घालून भारतात यायला लागला. 2000 सालापासून 2016 पर्यंत भारतात आलेल्या थेट परकीय गुंतवणुकीत कागदावर जवळपास एक तृतीयांश वाटा मॉरिशसचा होता. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, 2003 मध्ये कोर्टाने हा मार्ग कायदेशीर ठरवला. शेवटी 2016 मध्ये करारच बदलला. 1 एप्रिल 2017 पासून घेतलेल्या शेअरच्या नफ्यावर भारत कर लावू शकतो.

आपल्या डोक्यात मॉरिशस म्हणजे एवढंच. हनिमून आणि टॅक्स. माझ्याही होतं.

मग मागच्या वर्षी एका प्रोजेक्टवर तिथला एक मुलगा टीममध्ये आला. आडनाव ऐकलं आणि मी चमकले, अगदी आपल्या कोकणातलं. त्याचे पणजोबांच्याही आधीचे कोणी एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यात करारावर मजूर म्हणून गेलेले. घरी आता क्रिओल बोलतात. मराठी तो शाळेत शिकला, विषय म्हणून! गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. त्याची मराठी पाठ्यपुस्तकी. "आपण कुशल आहात ना?" असं विचारायचा कॉलवर. सगळे गार.

एकदा मी चेष्टेत म्हटलं, "तुमच्याकडे काय बाबा, नुसत्या पत्र्याच्या पेट्या आणि कंपन्या." तो रागावला नाही, पण म्हणाला, "माझी आजी सोळा वर्षं स्वेटरच्या कारखान्यात होती. तो पत्ता नव्हता." मग मी वाचायला बसले.

आकार लक्षात घ्या. मॉरिशस आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान. लोकसंख्या साधारण साडेबारा लाख. 1968 ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा निर्यात म्हणजे जवळजवळ सगळी साखरच. त्याच्या आधी 1961 मध्ये जेम्स मीड या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने अहवाल दिला होता की मलेरिया आटोक्यात आल्याने लोकसंख्या झपाट्याने वाढतेय, कामं नाहीत, पुढचं चित्र वाईट आहे. याच मीड यांना पुढे 1977 मध्ये नोबेल मिळालं. म्हणजे ऐरागैरा माणूस नव्हता. आणि तरी अंदाज चुकला. का चुकला, तो भाग मला सगळ्यात भारी वाटतो.

1970 मध्ये त्यांनी निर्यातीसाठीच्या कारखान्यांचा कायदा केला. कच्चा माल आणि मशिनरी बाहेरून आणा, आयात शुल्क नाही. काही वर्षं करात सूट. नफा बाहेर नेता येईल. आता तुम्ही म्हणाल, हे तर आपल्याकडच्या एसईझेडसारखंच. नाही! आपल्याकडे आधी जमीन घेतात, कुंपण घालतात, मोठी कमान उभी करतात. तिथे कुंपणच नव्हतं. कारखाना बेटावर कुठेही काढा, सर्टिफिकेट कंपनीला मिळणार, जागेला नाही. त्यामुळे कारखाने गावांत गेले. ज्या बायका पोर्ट लुईला रोज जाऊ शकल्या नसत्या, त्या घराजवळ कामाला जाऊ लागल्या. माझ्या मित्राची आजी त्यातलीच. (पगाराचं गोड चित्र नको. सुरुवातीची अनेक वर्षं बायकांचा किमान पगार पुरुषांपेक्षा कमी ठेवला होता, आणि स्वस्त मजुरी हेच मोठं आमिष होतं.)

पैसा कोणाचा? हाँगकाँगचे कापडवाले आले. अमेरिका-युरोपने हाँगकाँगच्या कपड्यांवर कोटा लावला होता, त्यांना दुसऱ्या देशाचा शिक्का हवा होता. मॉरिशसमध्ये चिनी वंशाचे लोक आधीपासून होते, त्यामुळे ओळख, भाषा, भरवसा तयार होता. पण फक्त तेच असते तर ही पण पत्त्याचीच गोष्ट झाली असती. इथे साखर कामाला आली. 1975 पासून युरोप दरवर्षी सुमारे 5 लाख टन साखर ठरलेल्या, चांगल्या भावाने घ्यायला बांधील होता. हातात पैसा आलेल्या मळेवाल्यांनी तो कापडात घातला. भांडवलाचा बराच मोठा भाग स्थानिक होता. म्हणजे पाहुणा धंदा शिकवतोय आणि यजमानाचेही पैसे अडकलेत.

याचा फायदा कधी कळला माहितीये? 2005 च्या सुरुवातीला जगभरचा कापड कोटा संपला. दुसऱ्या देशाचा शिक्का हवाय म्हणून आलेले हाँगकाँगवाले निघून गेले, हजारो नोकऱ्या गेल्या. पाठोपाठ युरोपने साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने 36 टक्क्यांनी खाली आणला. दोन्ही पाय एकदम! पण ज्यांचं घरच तिथे होतं त्या कंपन्या उठून जाणार कुठे? त्या टिकल्या, महाग माल करायला लागल्या, काहींनी मादागास्करला कारखाने काढले. आणि सरकार आपल्या धंद्याकडे वळलं. एबेनला भारताच्या कर्जाच्या मदतीने सायबर सिटी उभी राहिली. 2002 मध्ये सुरू झालेली समुद्राखालची केबल तिथून थेट कोचीला येते. 2019 मध्ये मेट्रो धावली, भारताच्या अनुदानातून, आणि बांधली आपल्या मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोने. फेब्रुवारी 2024 पासून तिथे यूपीआय चालतं. पहिल्यांदा तो क्यूआर कोडचा फोटो त्याने मला पाठवला तेव्हा उगाच अभिमान वाटला, मी काही त्यातली एक ओळही लिहिलेली नाही.

आता ज्या रँकिंगवर सगळे देश नाचतात त्याबद्दल एक वाक्य. जागतिक बँकेच्या 'डुइंग बिझनेस' यादीत 2020 ला मॉरिशस 13 वा होता, भारत 63 वा. त्याच वर्षी कोविडने पर्यटन बंद पडलं आणि तिथली अर्थव्यवस्था सुमारे 15 टक्क्यांनी आकसली. पुढच्या वर्षी आकड्यांतल्या गोंधळामुळे बँकेने ती यादीच बंद केली. कंपनी तीन दिवसांत उघडते ही सोय चांगलीच आहे, पण तीन दिवसांत उघडणारी कंपनी तीन दिवसांत निघूनही जाऊ शकते.

तर माझा अडकलेला निर्णय. तो मुलगा आणि मी मिळून छोट्या हॉटेलांसाठी बुकिंग आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवतोय. त्याच्याकडे हॉटेलवाल्यांच्या ओळखी आहेत, फ्रेंच आहे, म्हणजे उद्या रियुनियन, मादागास्कर, सेनेगल. माझ्याकडे इथली टीम. 2021 मध्ये भारत-मॉरिशस व्यापार करार झालाय, आफ्रिकेतल्या देशाशी भारताचा तो पहिलाच, आणि त्यात सेवा क्षेत्रही आहे. माझ्या ओळखीच्या एका सीएने कागद बघितले आणि सरळ सांगितलं, "कंपनी तिकडे काढा, कर पंधरा टक्के. कोडिंग सगळं पुण्यात स्वस्तात करा. तिकडे एक माणूस आणि टेबल दाखवायचं." आता तिथले नियमही कडक झालेत, खरं काम, खरी माणसं, खरा खर्च दाखवावा लागतो. म्हणून तो एक माणूस आणि टेबल!

आकड्यांत बघितलं तर सीए बरोबर आहे. तिकडचा इंजिनिअर आम्हाला महाग पडतो, पहिल्या वर्षी तर जाणवेल इतका. माझी बचत सहा लाख आहे, त्यातली चार यात जाणार. घरी आईला अजून तीनच सांगितलेत.

पण मी पार्टनरला हे टेबलाचं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग त्याच्या त्या शाळेतल्या मराठीत म्हणाला, "म्हणजे मी तुझा पत्ता होणार का?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री मी एक्सेल परत उघडलं आणि त्याच्याकडचे दोन ज्युनिअर धरून हिशेब केला. पुण्यातली एक जागा कमी करावी लागते. पैसे चौदाऐवजी नऊ महिने पुरतात. त्याने तिकडून स्वतःचे पैसे घालायची तयारी दाखवलीये, अर्धे-अर्धे. कोडची मालकी दोघांची, ते लिहून झालंय. फक्त पहिले दोन इंजिनिअर कुठे बसणार, करारातली तेवढी एक ओळ रिकामी आहे.

शुक्रवारी कॉल आहे. त्याच्याकडे संध्याकाळचे साडेसात, आपल्याकडे नऊ. मी नऊ महिन्यांचं एक्सेल घेऊन बसणारे. तुमच्यापैकी कोणी असं बाहेरच्या पार्टनरबरोबर काम केलं असेल तर त्याआधी मला व्हॉइस नोट पाठवा, छोटी चालेल. चला, भेटू.